मुंबईची निवृत्त डबल डेकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईची शहर बससेवा चालवणाऱ्या उपक्रमात, कंडक्टर होते. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर गेली. लाल डबल डेकर बंद झाली तेव्हापासून शेजारीपाजारी, नातेवाईक, माझ्या मुलीच्या वर्गातली मुलं आणि कधी कधी बसच्या रांगेत भेटलेली अनोळखी माणसंही मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही लांब आहेत, कारण तो विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

लाल डबल डेकर शेवटची कधी धावली?

१५ सप्टेंबर २०२३ रोजी, शुक्रवारी. मार्ग क्रमांक ४१५, अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणारा. गाडीला फुलांच्या माळा आणि फुगे बांधले होते. लोक कामधंदा सोडून फोटो काढायला आले होते.

वरचा मजला उघडा असलेल्या, पर्यटकांना दक्षिण मुंबई दाखवणाऱ्या गाड्या त्यानंतर तीन आठवडेच चालल्या. त्यांची शेवटची फेरी ५ ऑक्टोबर २०२३ ची. ही 'निलांबरी' सेवा २६ जानेवारी १९९७ ला सुरू झाली होती.

चांगल्या चालत होत्या, मग बंद का केल्या?

हा प्रश्न लोक थोडे रागावूनच विचारतात. त्याला दोन उत्तरं आहेत, एक कागदावरचं आणि एक त्याच्या खूप आधीचं.

कागदावरचं उत्तर वयाचं. बसचं आयुष्य १५ वर्षांचं धरतात. डिझेलवर चालणाऱ्या डबल डेकरची शेवटची तुकडी २००८ च्या सुमारास ताफ्यात आली, म्हणजे २०२३ मध्ये तिची मुदत भरली. त्यातच केंद्र सरकारचा नवा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. सरकार, महापालिका आणि सार्वजनिक परिवहन संस्था यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी नव्याने करून मिळत नाही. गाडी कितीही धडधाकट असली तरी तिला रस्त्यावर आणता येत नाही.

खरा निर्णय मात्र २००८ नंतर नव्या डबल डेकर घेणं थांबलं तेव्हाच झाला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेस्टकडे अशा सुमारे ९०० गाड्या होत्या. शेवटी उरल्या सात, त्यातल्या तीन उघड्या छताच्या. ही उतरंड एका दिवसात झालेली नाही. एक ड्रायव्हर आणि दोन कंडक्टर असे तिघांचे पगार एका गाडीवर पडायचे. गाडी जड, त्यामुळे डिझेल जास्त खायची. रस्त्यांवर उड्डाणपूल आले, स्कायवॉक आले, मेट्रोची कामं सुरू झाली आणि उंच गाडीला मोकळे मार्ग कमी होत गेले. ताफा लहान झाला की सुट्या भागांची अडचण वाढते, आणि ती वाढली की ताफा आणखी लहान होतो.

मला वाईट वाटतं ते बंद झाल्याचं नाही, बस कधीतरी निवृत्त होणारच. वाईट याचं वाटतं की ९०० गाड्या होत्या तेव्हा 'यातली एक नीट ठेवून देऊ' असं म्हणायला सर्वांत जास्त वाव होता, आणि त्या वेळी ते कुणाच्या मनात आलं नाही. आठवण झाली ती सात उरल्यावर.

मुंबईत डबल डेकर आली कधी?

१९३७ मध्ये. तिच्या आधी ११ वर्षं, १५ जुलै १९२६ ला, मुंबईची पहिली मोटारबस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली होती. गर्दी वाढत होती, रस्ते होते तेवढेच राहिले होते. त्यामुळे गाडी लांब करण्याऐवजी उंच करायची, हा हिशेब. ही युक्तीही मुंबईला नवी नव्हती. १९२० पासून इथे दुमजली ट्राम होत्याच.

७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, या बस चालवणारी खासगी कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली. म्हणजे डबल डेकर आपली झाली ती देश स्वतंत्र व्हायच्या आठवडाभर आधी. वडिलांना ही तारीख फार आवडायची.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रेलर पद्धतीच्या डबल डेकरही आल्या. पुढे ट्रकसारखा ओढणारा भाग, त्यात एकटा ड्रायव्हर, आणि मागे जोडलेला दुमजली डबा. साठी-सत्तरीच्या पुढचा मुंबईकर भेटला तर त्याला या गाडीबद्दल नक्की विचारा. मी विचारलं की बहुतेक जण आधी हाताने वळण काढून दाखवतात आणि मग बोलायला लागतात.

दोन कंडक्टर कशाला लागायचे?

वर आणि खाली एकाच वेळी तिकिटं फाडायची म्हणून. पण काम तेवढंच नव्हतं. डबल डेकरमध्ये ड्रायव्हरची केबिन वेगळी असे. त्याला मागे काय चाललंय ते दिसत नसे, तो फक्त घंटा ऐकत असे. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. मागच्या जिन्यावरून म्हातारं माणूस उतरतंय, एखादी बाई मुलाला कडेवर घेऊन चढतेय, हे ड्रायव्हरचे डोळे बघणार नाहीत. ते कंडक्टरनेच बघायचं आणि मगच दोरी ओढायची.

वडील सांगायचे की वरच्या कंडक्टरला स्टॉप यायच्या आधीच जिन्याच्या तोंडाशी पोचावं लागे. उतरणारे आधी उतरले पाहिजेत, चढणारे त्यांच्या अंगावर आले तर जिन्यात कोंडी होते. एका हातात तिकिटाला भोक पाडायचा पंच, काखेत तिकिटांची पत्र्याची पेटी, खांद्याला पैशांची चामडी पिशवी, आणि गाडी धावतेय. तिकिटाच्या प्रत्येक दराचा रंग वेगळा असे. त्यामुळे अंधारातसुद्धा बोटं बरोबर गठ्ठ्यावर पडायची, कारण कुठला रंग पेटीच्या कुठल्या खणात आहे ते हाताला पाठ झालेलं असे. तिकीट मागायचं तर ओरडायचं नाही, पंच वाजवायचा, टिक टिक. घरी जेवायला बोलवायचं असलं तरी वडील कधी कधी चिमट्याने टिक टिक करायचे.

एका बसच्या नोकरीत काय काय होतं?

बस म्हणजे सकाळी निघाली आणि रात्री परत आली, एवढंच आपल्याला दिसतं. डेपोच्या आत मात्र तिचा दिवस आपल्यापेक्षा मोठा असतो.

पहाटे, अंधार असतानाच ड्रायव्हर गाडी ताब्यात घेतो. टायर, दिवे, ब्रेक बघतो. कंडक्टर तिकिटं मोजून घेतो, पहिल्या तिकिटाचा नंबर लिहून ठेवतो. दुपारी माणसं बदलतात, गाडी तीच राहते. सकाळच्या पाळीतल्याने तापवलेल्या इंजिनावर दुपारच्या पाळीतला बसतो. रात्री गाडी परत आली की ती झाडतात, धुतात, डिझेल भरतात, खड्ड्यावर घेऊन खालून तपासतात. ड्रायव्हरने लिहून दिलेली तक्रार, म्हणजे क्लच ओढतोय, हँडल डावीकडे जातंय, मेकॅनिक त्या रात्रीच बघतो. मग पुन्हा पहाट.

हिशेबापुरतं दिवसाला १५० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर १५ वर्षांत पावणेसात लाख किलोमीटर होतात. तेही सरळ महामार्गावर नाही, तर सिग्नलवर थांबत, दर तीन-चारशे मीटरवर स्टॉपला लागत, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून. या सगळ्याच्या खुणा गाडीवर उमटतात. जिन्याच्या पायऱ्यांची कड झिजून चकाकायला लागते. दांड्याचा रंग नेमका हात पडतात तेवढ्याच पट्ट्यात उडालेला असतो. पहिल्या सीटच्या पुढच्या पत्र्यावर मुलांच्या बुटांचे ठोके दिसतात. वरच्या मजल्याचा डावा कोपरा झाडांच्या फांद्यांनी खरवडलेला असतो, कारण डावीकडे फुटपाथ आणि फुटपाथवर झाडं.

गाडी आयुष्यभर एकाच रंगात, एकाच अंगकाठीत राहते असंही नाही. ती मधूनमधून मोठ्या दुरुस्तीला दादरच्या वर्कशॉपमध्ये जाते. इंजिन काढून दुसरं बसतं, पत्रे बदलतात, सीटचं रेक्झिन नवं होतं. निवृत्त होते तेव्हा तिच्या अंगावर मूळचं किती आणि नंतरचं किती, हे सांगायला जाणकार लागतो. जपणुकीचा पहिला अवघड प्रश्न इथेच सुरू होतो, त्यावर पुढे लिहिलं आहे.

एवढी उंच गाडी वळणावर कलंडत नसे का?

नाही. इंजिन, गिअरबॉक्स, चासी, ॲक्सल हा सगळा जडपणा खाली असतो. वरचा मजला म्हणजे हलका सांगाडा आणि पातळ पत्रा. उभ्या प्रवाशांना वर परवानगी नसे, त्याचं एक कारण हेच. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांच्या वरच्या मजल्यावर भरलेल्या गाडीइतकं वजन ठेवून त्या २८ अंश तिरक्या करून बघतात, आणि तेवढ्या तिरक्या होऊनही त्या उलटता कामा नयेत असा दंडक आहे. २८ अंश किती, हे घरी एखादी फळी उचलून बघा.

वरच्या मजल्याची पुढची सीट खरंच इतकी भारी होती?

हो. खिडकी सरकवली की समोरून वारा, आणि खाली सगळी मुंबई. मरीन ड्राइव्हवरून जाणाऱ्या १२३ नंबरच्या डबल डेकरमध्ये ती सीट मिळावी म्हणून मी लहानपणी दोन-दोन गाड्या सोडल्या आहेत.

निवृत्त झालेल्या बसचं पुढे काय होतं?

बहुतेकींचं भंगार. आधी कामाचे भाग निघतात. इंजिन, गिअरबॉक्स, टायर, बॅटरी, कधी कधी काचासुद्धा, म्हणजे मागे राहिलेल्या गाड्यांना ते वापरता येतात. मग गाड्यांचा लिलाव होतो. ॲल्युमिनियमचा पत्रा वेगळा, लोखंडी सांगाडा वेगळा, फळ्या आणि रेक्झिन वेगळं. एक-दोन दिवसांत दुमजली बसचा ढीग होतो. नव्या नियमांनी सरकारी गाड्या नोंदणीकृत भंगार केंद्रांतच मोडायच्या आहेत. प्रदूषणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण त्यामुळे एखादी गाडी चुकून कुठल्या वाडीत तग धरून राहील आणि ३० वर्षांनी सापडेल, ही शक्यता आता संपली. जी जपायची ती आधीच ठरवून बाजूला काढावी लागणार.

काही गाड्यांना दुसरा जन्मही मिळतो. पुण्यात पीएमपीच्या जुन्या बसमध्ये बायकांसाठी 'ती' स्वच्छतागृहं केली, मुन्नारला केरळच्या एसटीने जुन्या बसमध्ये पर्यटकांना झोपायची सोय केली. दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडतात. पण ती बस जपणं नव्हे. सीटा काढल्या, जिना कापला, आत टाइल्स लावल्या की उरतो तो बसचा आकार.

मग मुंबईच्या किती डबल डेकर जपल्या? कुठे बघता येतील?

सेवा संपताना बेस्ट उपक्रमाने दोन गाड्या आणिक डेपोतल्या संग्रहालयासाठी राखायचं जाहीर केलं होतं. हे संग्रहालय वडाळा-शीवच्या बाजूला, डेपोच्याच इमारतीत आहे. ते १९८४ मध्ये कुर्ल्याच्या डेपोत सुरू झालं आणि १९९३ पासून आणिकला आहे. ट्राम आणि बसची मॉडेल्स, जुनी तिकिटं, तिकीट यंत्रं असं बरंच काही तिथे आहे. मुलांना घेऊन जा. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा, कारण तो चालू डेपो आहे, उद्यान नव्हे.

फोटो आहेत, व्हिडिओ आहेत. अख्खी बस जपायचा खर्च कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारतात, आणि त्याचं उत्तर मुंबईनेच देऊन ठेवलं आहे. ट्राम आठवा.

९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ ला विजेची आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. म्हणजे ९० वर्षं हे शहर ट्रामने फिरलं. दादर टी. टी. मधलं टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, ते नाव अजून रोज हजारो लोकांच्या तोंडी आहे. आणि ट्राम? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या भाटिया बागेत ट्रामचा एक डबा ठेवला आहे. तो मूळचा कोलकात्याचा. मुंबईला स्वतःची ट्राम दाखवायची तर दुसऱ्या शहरातून आणावी लागली, कारण इथे एकही नीट जपून ठेवली नव्हती. फ्लोरा फाउंटनच्या कामात जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले, तेव्हा लोक बघायला धावले. डांबराखाली विसरले गेले म्हणून रूळ तरी राहिले.

ट्रॉलीबसचं तर नावही कुणाला आठवत नाही. गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी वरच्या तारेवरून वीज घेऊन धावणारी बस मुंबईत १९६२ ते १९७१ चालली. आज इलेक्ट्रिक बसचं एवढं कौतुक करणाऱ्या शहराला ती दाखवता आली असती तर किती बरं झालं असतं.

फोटोतून जिन्याचा चढ कळत नाही. वरच्या मजल्यावर मान किती वाकवावी लागते, घंटेची दोरी ओढायला किती जोर लागतो, इंजिन सुरू झाल्यावर खिडक्यांच्या काचा कुठल्या सुरात थरथरतात, हे फोटोत येत नाही. उद्या एखादा विद्यार्थी विचारेल की एवढ्या अरुंद जिन्यातून एवढी गर्दी चढायची कशी. त्याला जिन्यापाशी नेऊन उभं करता आलं पाहिजे.

आणि हे काही अशक्य नाही. हैदराबादच्या बस भवनात निजामाच्या काळातली १९३२ ची आल्बियन बस आजही उभी आहे. निजामाच्या रस्ते परिवहनाचं राज्य मराठवाड्यापर्यंत होतं, त्यामुळे ती बस आपल्याही घरातली आहे. लंडनने आपली जुनी लाल डबल डेकर, रूटमास्टर, ९ डिसेंबर २००५ ला नेहमीच्या सेवेतून काढली, पण संग्रहालयांनी आणि हौशी लोकांनी मिळून शेकड्यांनी गाड्या वाचवल्या आणि कित्येक चालत्या ठेवल्या.

बस जपायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी छप्पर. बाकी सगळं नंतर. मुंबईत चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. बसचा सांगाडा पोलादाचा आणि वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा. हे दोन धातू एकमेकांना चिकटले आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जायला लागतं, पत्र्याला फुगे येतात आणि आतून पांढरी पूड निघते. खारी हवा हे काम दुपटीने करते. उघड्यावर, चबुतऱ्यावर उभी केलेली बस पहिल्या वर्षी सुंदर दिसते. पाचव्या पावसाळ्यानंतर तिच्याजवळ जाऊन खिडकीच्या खालची पट्टी दाबून बघा.

ताडपत्री घट्ट बांधणं त्याहून वाईट. आत दमट हवा कोंडते, सीटांना बुरशी येते. छप्पर हवं आणि वारा खेळायला हवा. काही खिडक्या बोटभर उघड्या ठेवून त्यांना जाळी लावायची. जाळी विसरलात तर कबुतरं येतात, आणि त्यांची घाण रंग आणि पत्रा दोन्ही जाळते. उंदीर वायरी कुरतडतात, त्यांच्यासाठी वेगळा बंदोबस्त.

गाडी टायरवर उभी ठेवायची नाही. काही महिन्यांत टायर खालून चपटे होतात आणि स्प्रिंगवर कायमचं वजन राहतं. ॲक्सलखाली घोडे, म्हणजे लोखंडी टेकू, लावून वजन त्यांच्यावर घ्यायचं. बॅटरी काढून ठेवायची. टाकीत जुनं डिझेल ठेवलं तर त्यात पाणी आणि गाळ साचतो. क्लचप्लेट गंजून चिकटून बसते, ती मधूनमधून हलवली पाहिजे. खिडक्यांची रबरं कडक होऊन तडकतात आणि तिथूनच पाणी आत येतं, मग खालच्या फळ्या सडतात. पाणी खाली जायला ठेवलेली छोटी भोकं धुळीने बुजतात. ती काडीने मोकळी करणं हे वर्षातून दोनदा करायचं पाच मिनिटांचं काम, आणि त्याने गाडीचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढतं.

मग कागद. नोंदणीचं पुस्तक, दुरुस्तीच्या नोंदी, कुठल्या डेपोत कधी होती, कुठल्या मार्गावर चालली. हे नसेल तर ती कुठलीही एक लाल बस आहे.

इंजिन चालू ठेवावं का?

एक चालती आणि एक जशीच्या तशी, असं माझं ठाम मत आहे. चालत्या बसला नवे भाग लागणार, ती हळूहळू बदलणार, ते मान्य करायचं. महिन्यातून एकदा इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवायचं आणि आवारात दोन फेऱ्या मारायच्या. नुसतं दोन मिनिटं सुरू करून बंद केलं तर आत पाण्याची वाफ धरते आणि फायद्यापेक्षा तोटा होतो. दुसऱ्या गाडीला मात्र हात लावायचा नाही. तिच्यात शेवटच्या दिवशी जे होतं ते तसंच, झिजलेल्या पायरीसकट, सीटच्या पाठीवर कुणीतरी कोरलेल्या बदामासकट.

नवा चकचकीत रंग द्यायचा का?

घाईने नको. जुन्या बसच्या अंगावर रंगाचे बरेच थर असतात. हातभर जागेत बारीक पॉलिश कागदाने एकेक थर घासत गेलात तर झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे ते दिसतात. अशी एक जागा उघडी ठेवावी, फोटो काढावेत, प्रत्येक थराच्या छटेची नोंद करावी आणि मगच रंगाचा डबा उघडावा. जाहिरातीही पुसू नयेत. कुठला साबण, कुठला बाम, कुठलं नाटक त्या वर्षी शहरभर फिरत होतं, ते बसच्या बाजूवरच लिहिलेलं असतं.

समोरच्या पाटीवरचे मार्ग क्रमांक बेस्टने देवनागरी आकड्यांत लिहिले. मुंबईत नव्याने आलेले कितीतरी लोक आपले आकडे बस पकडता पकडता शिकले. पाटी बदलायची वेळ आली तर आकड्यांचं वळण तेच ठेवा, कॉम्प्युटरमधला कुठलाही फाँट उचलू नका.

मला अशी बस विकत घेऊन रस्त्यावर चालवता येईल का?

रस्त्यावर, सध्या नाही. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम केले. ते ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत आणि गाडी खासगी वापराची असली पाहिजे. प्रवासी वाहतुकीची बस त्यात बसत नाही. या नियमांत बसलाही जागा मिळावी, तिला वर्षातून काही ठरलेल्या दिवशी प्रदर्शनासाठी रस्त्यावर यायची मुभा असावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. संग्रहालयाबाहेर, स्वतःच्या चाकांवर, मरीन ड्राइव्हवरून जाताना तिला बघायची माझी फार इच्छा आहे.

आता नव्या एसी डबल डेकर आल्या आहेत. त्या त्याच ना?

त्या वेगळ्या आहेत, आणि मला आवडतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एनसीपीए अशी सुरू झाली. विजेवर चालते, आवाज नाही, दार आपोआप बंद होतं, जिने दोन आहेत. वारा मात्र काचेच्या बाहेर राहतो. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून मुलांना दाखवल्या तर त्यांना कुठलंही भाषण द्यावं लागणार नाही.

घरी जुनी तिकिटं, पंच, बिल्ला असं काही सापडलं. काय करू?

फेकू नका आणि चकाकवू नका. पितळी बिल्ल्याला चिंच-मीठ लावलं की वर्षानुवर्षांचा गडद रंग जातो, तो परत येत नाही. तिकिटांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेट करू नका. साध्या वहीच्या पानांत, कोरड्या जागी ठेवा. कुणाचं, कुठल्या डेपोतलं, साधारण कुठल्या वर्षांतलं, हे पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

आमचे आजोबा बेस्टमध्ये होते. त्यांना काय विचारू?

'कसं होतं हो तेव्हा?' असं विचारू नका, 'चांगलं होतं' एवढंच उत्तर येतं. हातांबद्दल विचारा. पेटी कुठल्या काखेत धरायचात? सुट्टे पैसे कुठल्या कप्प्यात? पावसात तिकिटं भिजू नयेत म्हणून काय करायचात? ड्रायव्हर नवा असला तर घंटेत फरक करायचात का? फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून टेबलावर ठेवा आणि मध्ये बोलू नका.

मी वडिलांना हे प्रश्न उशिरा विचारले. घंटेचा प्रश्न विचारला तेव्हा ते पलंगावर पडून होते. त्यांनी उत्तर दिलं नाही, डावा हात वर केला, नसलेली दोरी दोनदा ओढली, आणि दुसऱ्या वेळी किंचित उशीर केला. मी विचारलं, हा उशीर कशाला. म्हणाले, "जिन्यात कुणीतरी असतंच."